चौथा स्वर की पाचवा?

इंदूरसारख्या गावात काही शब्द लिहून ठेवताना जपावे लागते. ‘चौपट’ हा त्यांपैकीच एक. मराठी माणसाला चौपट म्हणजे चार पट. उत्पन्न चौपट झाले तर घरात पेढे यावेत. हिंदी भाषिक शेजाऱ्याला मात्र तोच शब्द सत्यानाशाची वार्ता देतो. रामबागेतील आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मामांचे रेडिओ-दुरुस्तीचे टेबल होते. त्या टेबलावरील करड्या रंगाच्या लोखंडी पेटीवर, एका नव्या बटणाखाली, मी कागदाची पट्टी चिकटवून शाईने ‘चौपट’ असे लिहिले होते. गिऱ्हाइके ती वाचून हसत. “क्यों मामाजी, मशीन चौपट हो गई क्या?” असे विचारीत. मामाही हसून म्हणत, “हो गई, पर हमारी भाषा में!”

पुढे काही दिवस ती पेटी दोन्ही भाषांत चौपट झाली होती. त्याची ही हकीकत.

ही पेटी म्हणजे सिग्नल जनरेटर. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याजवळ सोल्डरची कांडी, डाग देण्याची इस्तरी आणि मीटर एवढे असले की त्याचे बरेचसे काम भागते. जळलेला रोध, फुटलेला कंडेन्सर, तुटलेली तार यांचा पत्ता मीटर देतो. परंतु सर्व भाग धडधाकट असूनही रेडिओ ‘सुरात’ नसतो, तेव्हा मीटरचा उपयोग होत नाही. तेथे एखाद्या ठराविक कंप्रतेची, म्हणजे दर सेकंदास ठराविक कंपने करणारी, विद्युत्-लहर हुकमी निर्माण करून ती रेडिओला ‘ऐकवावी’ लागते आणि त्याप्रमाणे रेडिओतील कॉइली व ट्रिमर जुळवून घ्यावे लागतात. गवयापुढे तंबोऱ्याचे जे काम, तेच दुरुस्ती करणाऱ्यापुढे सिग्नल जनरेटरचे. तो स्वतः गात नाही, पण सूर कोठे आहे हे सांगतो. आणि तंबोराच बेसूर असेल, तर गवई कितीही तयारीचा असला तरी मैफलीचे काय होईल, हे वाचकांना सांगायला नको.

मामांच्या पेटीत व्हॉल्व्ह होते. १५० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंतचा टापू तिने सहा पट्ट्यांत वाटून घेतला होता. मामांना त्याहून अधिक कधी लागले नाही. मध्यम लहरी, लघुलहरी आणि ४५५ किलोहर्ट्झची मध्यंतर कंप्रता, एवढ्यात त्यांचे जग सामावले होते. ते जग लहान नव्हते. रात्री जेवणे आटोपली की आमच्या वाड्यातील निम्म्या घरांत मुंबई ‘ब’ लावण्याची खटपट चाले. दिवसा वातावरणाच्या वरच्या थरांतील जो थर मध्यम लहरी शोषून घेतो, तो सूर्यास्तानंतर विरतो. मग त्याच लहरी आणखी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. अशा रीतीने मुंबईची मराठी रात्री माळव्यात येई. मात्र २३ नोव्हेंबर १९७८ रोजी, आंतरराष्ट्रीय करारानुसार, आपल्याकडील मध्यम लहरींची केंद्रे नऊच्या पाढ्यात बसविण्यात आली आणि मुंबई ‘ब’ची जागा ५५८ किलोहर्ट्झ, म्हणजे नऊ बासष्टे, अशी ठरली. ही जागा तबकडीच्या अगदी खालच्या टोकाशी येते. नेमके तेच टोक अलाइनमेंट बिघडल्यावर सर्वांत आधी बहिरे होते. म्हणून मामा प्रत्येक रेडिओ ६०० किलोहर्ट्झवर कॉइलने आणि १४०० किलोहर्ट्झवर ट्रिमरने पुनःपुन्हा जुळवीत. “वरचं टोक कुणीही लावतो; माणसाची ओळख खालच्या टोकाला होते,” हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. त्याचा पुरता अर्थ मला फार उशिरा कळला.

ऑक्टोबर २००१ मध्ये इंदूरला ९८.३ मेगाहर्ट्झवर खाजगी एफ. एम. केंद्र सुरू झाले. त्या वर्षी देशात अशी केंद्रे मोजकीच होती आणि त्यांत आपल्या गावाचा नंबर लागला, याचे सर्वांना अप्रूप वाटले. घरोघर लहान एफ. एम. संच आले आणि पुढे यथाकाल ते बिघडून मामांच्या टेबलावरही येऊ लागले. तेव्हा मामांच्या लक्षात आले की आपली पेटी ३० मेगाहर्ट्झवर थांबते आणि एफ. एम.चा टापू ८८ पासून १०८ मेगाहर्ट्झपर्यंत आहे. नवी पेटी घ्यावी एवढी मिळकत त्या धंद्यात आता उरली नव्हती. मामांची दृष्टीही अधू होत चालली होती. नोकरी सांभाळून संध्याकाळी त्यांच्या हाताखाली बसणारा मी एकटाच. “अरे, हिचाच पल्ला वाढवता येतो का बघ,” असे त्यांनी मला सांगितले.

प्रथमदर्शनी उपाय सोपा दिसतो. पेटीत कॉइल आणि कंडेन्सर यांच्या जोडीने कंप्रता ठरते. मग आणखी लहान कॉइलीचा सातवा पट्टा जोडला की झाले! पण येथे निसर्गाचा एक नियम आडवा येतो. कंप्रता ही कॉइल व कंडेन्सर यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे कंप्रता दुप्पट करावयाची तर हा गुणाकार चौथ्या हिश्श्यावर आणावा लागतो. याच नियमामुळे, फिरवण्याच्या गँग कंडेन्सरची धारणा दहापट बदलली तरी कंप्रता जेमतेम सव्वातीन पट बदलते, आणि म्हणूनच एका पेटीत सहा-सहा पट्टे करावे लागतात. आता ३० वरून १०८ वर जायचे म्हणजे कंप्रता ३.६ पट व्हावी, अर्थात कॉइल सुमारे तेराव्या हिश्श्याची व्हावी. हिशेब केला तर ती ०.०४ मायक्रोहेन्रीच्या आसपास येते. आणि साधी इंचभर सरळ तार म्हणजेच सुमारे ०.०२ मायक्रोहेन्री! पट्टे बदलण्याच्या स्विचापर्यंत जाणाऱ्या दोन इंच तारेतच सगळी कॉइल संपून जाई. मी तरीही प्रयत्न करून पाहिला. पेटी ६० मेगाहर्ट्झच्या पुढे गेली नाही आणि तेथेही ती कधी बोले, कधी गप्प बसे. जुन्या घरावर मजले चढवताना पाया किती सोसेल हे आधी पाहावे लागते, तसेच हे आहे.

दुसरा मार्ग मामांनी सुचविला, आणि तो तंबोऱ्यावरून. त्यांच्या खोलीत मिरजेचा एक जुना तंबोरा होता. ते म्हणाले, “खर्जाची तार छेड आणि नीट ऐक. तार एक आहे, पण स्वर किती ऐकू येतात?” संगीताची आवड असलेल्या वाचकांना हे ठाऊकच असेल. तार आपल्या मूळ कंप्रतेने हालते, त्याचबरोबर ती दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंप्रतांनीही थरथरते. दुप्पट म्हणजे वरचा षड्ज, तिप्पट म्हणजे पंचम, चौपट म्हणजे पुन्हा षड्ज आणि पाचपट म्हणजे गंधार. खर्जाच्या तारेतून न छेडता उमटणारा जो स्वयंभू गंधार, तो हाच पाचवा स्वर. घोडीवर सुताचा दोरा सरकवून जवारी खुलवली की हे उपस्वर भरून येतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली वीणा व तंबोरा यांच्या घोडीविषयी निबंध लिहिला. एरवी ज्या जागी तार छेडली असता काही उपस्वर मुळीच उमटू नयेत, तेही या रुंद, किंचित गोलाकार घोडीमुळे उमटतात, असे त्यांनी त्यात दाखविले. स्वच्छ, गुळगुळीत कंपनाला घोडी जराशी ‘बिघडवते’ आणि त्या बिघाडातून स्वरांची श्रीमंती निर्माण होते.

विजेच्या लहरीचेही अगदी असेच आहे. शुद्ध लहर ट्रान्झिस्टरला गरजेपेक्षा जोराने दिली की ती वेडीवाकडी होते आणि तीत दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंप्रतांचे उपस्वर, म्हणजे हार्मोनिक, उपजतात. कारखान्यात बनलेल्या कितीतरी स्वस्त जनरेटरांच्या तबकड्यांवर वरच्या टोकाला जे मोठे आकडे छापलेले असत, ते अशाच उपस्वरांचे असत. मूळ लहर तेथवर पोचतच नसे.

आता आमच्या पेटीचा हिशेब पाहा. तबकडी २२ ते २७ मेगाहर्ट्झ फिरविली, तर तिचा चौथा स्वर ८८ ते १०८ फिरतो. जणू आमच्या पेटीसाठीच कोणी हा टापू बेतला होता! तिसरा स्वर ६६ ते ८१ मध्ये राहतो आणि पाचवा ११० ते १३५ मध्ये, दोन्ही एफ. एम.च्या टापूच्या बाहेर. ९८.३चे केंद्र हवे असेल तर तबकडी २४.५७५ वर लावायची. मी एका पत्र्याच्या डबीत एकच ट्रान्झिस्टर बसविला, एक बटण जोडले आणि त्याखाली मोठ्या अभिमानाने ती ‘चौपट’ची पट्टी डकविली. गणित कागदावर निर्दोष होते. माझा घात केला तो याच गोष्टीने.

२००७ साली, गावात एफ. एम.ची बरीच केंद्रे झाल्यावर, आमच्या वाड्यातील एका काकूंचा संच माझ्याकडे आला. काकूंची दृष्टी काचबिंदूने गेली होती. मुले परगावी, दिवसभर त्या एकट्या. त्यांनी संचाच्या गोल बटणावर लाखेचा एक ठिपका लावून घेतला होता आणि पेटीच्या कडेवर दुसरा. ठिपक्यासमोर ठिपका आणला की त्यांचे नेहमीचे, जुन्या गाण्यांचे केंद्र लागे. संच दमट जागी राहून आतली कॉइल गंजली होती. मी तांब्याची तार वळवून नवी कॉइल घातली आणि पद्धतशीर अलाइनमेंटला बसलो. काटा ९० वर, जनरेटर २२.५ वर. एफ. एम. संचात केंद्र नसले की सूं असा आवाज येत राहतो आणि लहर सापडली की तो एकदम शमतो. मी कॉइलीचे वेढे किंचित दाबले, सूं शमली. मग वरच्या टोकाला, १०६ वर, ट्रिमर जुळविला. आवाज खणखणीत. संच मी स्वतः नेऊन दिला आणि काकूंनी नको म्हणत असताही हातावर ठेवलेला लाडू खाऊन परत आलो.

पंधरा दिवसांनी जिन्यात गाठ पडली. “काय काकू, रेडिओ कसा आहे?” मी विचारले. त्या म्हणाल्या, “आवाज छान आला हो बाळ. पण माझं केंद्र हरवलं. ठिपक्याला ठिपका लावते, तर भलतंच कुणीतरी ओरडायला लागतं. शोधून पाहिलं, मला काही जमेना. मग ठेवून दिला.” तक्रारीचा सूर नव्हता, आणि त्यामुळेच मला फार लाज वाटली. पंधरा दिवस ती खोली मुकी होती आणि तिला मुकी करणारा मीच होतो.

मी संच परत आणला. पेटीपाशी बसून मामांना सारे सांगितले. त्यांना आता पेटीवरचे आकडे दिसत नव्हते, पण कान शाबूत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला : “सूं शमली तेव्हा तू चौथा स्वर ऐकलास की पाचवा?”

“पाचवा तर एकशे साडेबारावर, मामा. तो टापूच्या बाहेर आहे.”

“तबकडीच्या बाहेर आहे. रेडिओच्या बाहेर आहे का, ते बघ.”

येथे रेडिओच्या एका खोडीची ओळख करून द्यावी लागेल. संच आलेली लहर तशीच ऐकत नाही. तो स्वतःच्या पोटात एक स्थानिक लहर निर्माण करतो आणि दोहोंतील फरक १०.७ मेगाहर्ट्झ झाला की तो फरक ऐकतो. ९० मेगाहर्ट्झ ऐकायचे तर स्थानिक लहर १००.७ हवी. पण फरक काढताना कोण मोठे आणि कोण लहान हे संचाला कळत नाही. स्थानिक लहर १०१.८ असेल, तर ११२.५ मधून १०१.८ वजा जाता १०.७ हेच उरतात! आणि ११२.५ म्हणजे माझ्या २२.५ ची बरोबर पाचपट. चांगल्या संचात पुढच्या बाजूची गाळणी अशा पाहुण्याला दारातच अडविते. स्वस्त संचात ते दार किलकिलेच असते. माझी नवी कॉइल थोडी कमी भरली होती, म्हणून स्थानिक लहर वरून खाली येत होती. वाटेत तिला १०१.८ हे खोटे घर आधी लागले, १००.७ हे खरे घर नंतर लागणार होते. पहिल्याच दारावर मी थांबलो.

याचा परिणाम असा झाला की काटा ९० दाखवीत असता संच ९१.१ ऐकत होता. वरच्या टोकाला, १०६ वर, खरे व खोटे घर पाच मेगाहर्ट्झहून अधिक दूर असल्याने तेथे चूक झाली नाही. म्हणून चूक खालच्या टोकाला १.१ आणि वर जाताना घटत शून्य, अशी पसरली. ९४ च्या आसपास ती ०.८ च्या घरात भरते, आणि त्या भागात आपल्याकडील शेजारशेजारच्या केंद्रांत अंतर असते तेही सामान्यतः ०.८ मेगाहर्ट्झचेच. काकूंच्या ठिपक्यासमोर नेमका शेजारी येऊन बसला होता तो असा. ‘माणसाची ओळख खालच्या टोकाला होते,’ हे मामांचे वाक्य मला तेव्हा आठवले.

आणखी एक प्रश्न उरतो. खोटी लहर दुबळी असणार, मग ती मला ओळखू का आली नाही? याचे उत्तर एफ. एम.च्या गुणातच आहे. या पद्धतीत लहरीच्या जोराला किंमत नसते. संचातील एक टप्पा सर्व लहरींची डोकी एका उंचीवर छाटतो. त्यामुळेच विजेचा कडकडाट आणि मोटारीची खरखर त्यात ऐकू येत नाही. पण त्याच न्यायाने दुबळा आणि बलवान दोघांचाही आवाज सारखा येतो. मी पेटीचा जोर पूर्ण ठेवला होता. मामांनी तो बटणाने कमी करीत न्यायला सांगितला. जोर उतरत गेला तशी एका जागची शांतता विरघळून पुन्हा सूं सुरू झाली. दुसऱ्या जागची टिकून राहिली. टिकली ती खरी. “मोठ्यानं बोललं की खोटंही खरं वाटतं,” मामा म्हणाले, “हळू बोलायला लाव, मग कळतं.”

असा धंदा करू इच्छिणाऱ्या तरुण वाचकांसाठी स्वर ओळखण्याची आणखी एक युक्ती सांगून ठेवतो. संच ९८.३ वर पक्का ठेवावा आणि जनरेटरची तबकडी हळूहळू खाली आणावी. २४.५७५ वर एकदा सूं शमेल, नंतर १९.६६ वर पुन्हा शमेल, कारण त्याची पाचपट तेवढीच होते. या दोन आकड्यांतील फरक ४.९१५. खालच्या आकड्याला या फरकाने भागले की उत्तर येते चार. म्हणजे वरच्या आकड्यावर आपण चौथा स्वर ऐकत होतो. उत्तर पूर्णांकात आले नाही, तर कोठेतरी खोटे घर लागले आहे असे समजावे.

चूक कळली, पण ती पुन्हा होऊ नये म्हणून पेटीतच फेरफार करणे भाग होते. एका ट्रान्झिस्टरच्या धसमुसळेपणातून सगळेच स्वर उपजत होते. आम्ही तो काढला आणि चौपट एकदम न करता दुपटीची दुप्पट केली. दुप्पट करण्याची एक सभ्य रीत आहे, आणि ती अनेक जुन्या रेडिओंच्या वीजपुरवठ्यात दिसते. घरातील वीज ५० हर्ट्झची, पण दोन डायोडांच्या पूर्ण-तरंग एकदिशकातून गेल्यावर तिची गुणगुण १०० हर्ट्झची होते. लहरीची वरची आणि खालची दोन्ही अर्धुके एकाच बाजूला उलटविली जातात, म्हणून एकाच्या जागी दोन उंचवटे मिळतात. दोन्ही बाजू तंतोतंत समतोल असतील तर मूळ लहर, तिसरा स्वर, पाचवा स्वर हे सारे विषम स्वर परस्परांना छेद देऊन नाहीसे होतात आणि केवळ सम स्वर उरतात. फेराइटच्या लहान कड्यावर दोन तारा एकत्र पिळून गुंडाळल्या, मीटरने निवडून सारख्या गुणाचे दोन डायोड घेतले. २२.५ चे ४५ झाले. या कामात लहरीचा बराच जोर खर्ची पडतो, म्हणून मध्ये एक लहान प्रवर्धक घातला. त्यापुढे तसाच दुसरा टप्पा : ४५ चे ९०. शेवटी ९० च्या आसपास जुळणारी एक कॉइल. पाचवा स्वर अगदीच नाहीसा झाला असे नाही, कारण जगात तंतोतंत समतोल कोठेच नसतो. पण तो इतका क्षीण झाला की काकूंच्या संचाने त्याला दारातच उभे केले.

पल्ला वाढवताना काय काय वाढते, हेही याच कामात मला समजले. चौपट होते ती केवळ कंप्रता नव्हे. व्हॉल्व्ह तापेपर्यंत पेटी ५ किलोहर्ट्झ सरकली, तर बाहेरची लहर २० किलोहर्ट्झ सरकते. तबकडी एक टक्का चुकली, तर २२.५ वर ती चूक पाव मेगाहर्ट्झहून कमी दिसते. ९० वर तीच ०.९ होऊन एक संपूर्ण केंद्र गिळून टाकते. म्हणून आम्ही नियम केला : पेटी अर्धा तास तापू द्यायची, आणि तबकडीवर विश्वास न ठेवता मूळ लहर कंप्रतामापकावर मोजून मगच तिला चाराने गुणायचे. खालची लहर मोजण्यास साधे उपकरण पुरते आणि वरची आपोआप कळते, हा या पद्धतीचा मोठा लाभ. गुणाकाराचा दुसरा लाभ एफ. एम.चे जनक एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३० च्या दशकातच हेरला होता. एफ. एम.मध्ये ध्वनी कंप्रतेच्या लहानशा हेलकाव्यात दडलेला असतो. लहर गुणली की हेलकावाही गुणला जातो. त्यांनी अगदी चिमुकला, पण स्थिर हेलकावा निर्माण केला आणि तो गुणून गुणून मोठा केला. गुणाकार निःपक्षपाती असतो. तो गुणही वाढवितो, दोषही.

पल्ला वाढविण्याच्या इतरही वाटा आहेत. दोन लहरींचे मिश्रण करून त्यांचा फरक घेतला तर खालचा टापू मिळतो. एक लहर ४० मेगाहर्ट्झवर स्थिर ठेवून दुसरी ४० ते ५० फिरविली की एका फिरकीत शून्य ते १० मेगाहर्ट्झ हाती येतात. पण ४० मधील दहा हजारांत एक एवढी चूकही ४ किलोहर्ट्झ असते, आणि ४५५ किलोहर्ट्झवर ती जवळजवळ एक टक्का होते. सर्वांत शहाणपणाची वाट उलटी आहे : आधी उंचावर उत्तम लहर निर्माण करायची आणि तिला निम्मी निम्मी करीत खाली उतरायचे. १९७० च्या दशकातील ह्यूलेट-पॅकार्डचा ८६४० बी हा नावाजलेला जनरेटर असाच होता. २५६ ते ५१२ मेगाहर्ट्झची मूळ लहर नऊ वेळा निम्मी करीत तो अर्ध्या मेगाहर्ट्झपर्यंत उतरे, आणि प्रत्येक पायरीला दोषही निम्मे होत. आज नखाएवढ्या ‘एडीएफ ४३५१’ या चकतीत हेच तत्त्व आहे : आत २२०० ते ४४०० मेगाहर्ट्झची लहर, आणि ती दोनाने भागत भागत, चौसष्टाव्या हिश्श्यापर्यंत, सुमारे ३५ मेगाहर्ट्झवर आणलेली. मामांची सारी पेटी विकून जे येईल त्याहून थोड्या पैशांत आज अशी वस्तू मिळते.

हौशी वाचकांना दोन इशारे दिले पाहिजेत. जुन्या व्हॉल्व्हच्या पेट्यांत दोनशे व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि तो बटण बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत दबा धरून बसतो. तो रोधामार्फत उतरविल्याखेरीज आत हात घालू नये. दुसरे असे की जनरेटरला एरिअल कधीही जोडू नये. आपली लहर आपल्या टेबलावर, पत्र्याच्या डबीत आणि आच्छादित तारेतच राहिली पाहिजे. शेजाऱ्याचा रेडिओ बिघडविणे हा कायद्याने गुन्हा आहेच; पण शेजारधर्मही काही असतो.

काकूंचा संच मी दोन दिवसांत पुन्हा जुळविला. या वेळी जोर उतरवून, दोन्ही टोकांना, आणि शेवटी ९८.३ च्या प्रत्यक्ष केंद्रावर ताडून. घरी नेऊन दिल्यावर त्यांनी बोटांनी बटण चाचपले, लाखेचा ठिपका शोधला, तो कडेच्या ठिपक्यासमोर आणला. जुने गाणे लागले. त्या काही बोलल्या नाहीत. बटणावरचा हातही त्यांनी बराच वेळ काढला नाही. मी पैसे घेतले नाहीत. लाडू मात्र नाकारला नाही.

मामा आज नाहीत. पेटी आहे, ‘चौपट’ची पट्टीही आहे, तिची शाई पिवळी पडली आहे. त्या पट्टीखाली मी तेव्हाच दुसरी एक लहान पट्टी चिकटविली होती. तिच्यावर लिहिले आहे : ‘हळू बोलायला लाव’. गिऱ्हाइकांना तिचा अर्थ कधी कळला नाही, आणि मीही कुणाला समजावून सांगितला नाही. पण एखादी गोष्ट पहिल्याच फटक्यात, मोठ्या आवाजात, अगदी बरोबर जुळली असे वाटले, की माझा हात आपोआप जोर उतरविण्याच्या बटणाकडे जातो.